फुकटची वकील आणि खराडीची ऑफर

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी 31 वर्षांची वकील आहे. पुण्यातल्या एका वस्तीत एका संस्थेचं मोफत कायदा सल्ला केंद्र आहे, तिथे ती साडेचार वर्षं काम करतेय, मानधन महिन्याला 28,000. दीड वर्षापूर्वी धुणंभांडी करणाऱ्या एका बाईची घरगुती हिंसाचाराची केस तिने घेतली. घर सासूच्या नावावर आणि नवरा-सासू मिळून बाईला बाहेर काढायच्या तयारीत. हिने कोर्टातून तिला त्या खोलीत राहण्याचा आदेश मिळवून दिला, अंतरिम पोटगी लावून घेतली, पण नवरा पैसे भरत नाही आणि वसुलीचा अर्ज तारखांमध्ये अडकलाय. गेल्या महिन्यात बाईने मंगळसूत्र गहाण टाकून 40,000 उभे केले, खासगी वकील लावला आणि हिच्याकडे एनओसी, म्हणजे वकील बदलायला हरकत नाही असं पत्र, मागितली. जाताना म्हणाली, "ताई, फुकटचं ते फुकटचंच असतं." त्याच आठवड्यात खराडीच्या एका कंपनीतून करार तपासायच्या कामाची ऑफर आली, पगार जवळजवळ तिप्पट. आई म्हणते समाजसेवा पुरे झाली आता. संस्थेच्या मॅडम म्हणतात तू गेलीस तर केंद्र बंद पडेल. हिला बाईचा राग येतोय आणि राग आला म्हणून लाजही वाटतेय. विचारतेय, जाऊ की राहू?

---

अगं, आधी रागाचं बघू. दीड वर्ष एका केसमागे पळायचं आणि समोरच्याने असं बोलून निघून जायचं म्हटल्यावर राग येणारच, वकील झालीस म्हणून काही संत झाली नाहीस. तो तिच्यावर काढला नाहीस, एनओसीवर सही करून दिलीस, मग विषय संपला. (अजून दिली नसशील तर उद्याच दे आणि फाईलमधले सगळे कागदही दे. फी थकली असली तरी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय, आणि तुझी तर फीच नव्हती.)

पण तिचं ते वाक्य तू थेट स्वतःच्या लायकीवर घेतलंयस, तिथे मला जरा वाद घालायचाय.

तारखेच्या दिवशी तिचं काय होतं ते आठव. साडेदहाला शिवाजीनगर कोर्टात हजर राहायचं म्हणजे सकाळची कामं बुडाली, एका घरी खाडा, दुसऱ्या घरी बोलणी. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, नंबर सत्तरच्या पुढे. पॅसेजमध्ये बाकड्यावर जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर भिंतीला टेकून उभं राहायचं आणि समोर नवरा आणि सासू, ते बघतायत हिच्याकडे. दीडच्या सुमाराला पुकारा होतो, आत जाऊन दोन मिनिटांत सगळे बाहेर, कारण समोरच्या वकिलाच्या ज्युनियरने से (लेखी उत्तर) द्यायला मुदत मागितली आणि कोर्टाने ती दिली, शेवटची संधी म्हणून, तीच शेवटची संधी जी मागच्या तारखेलाही दिली होती. तुझ्यासाठी हे रोजचंच, तू "ताई पुढची तारीख लागली" एवढं सांगून दुसऱ्या कोर्टात पळालीस कारण तिथे तुझा जामीन अर्ज होता. ती बसने घरी गेली आणि महिनाअखेरीला तिच्या पगारातून तो दिवस कापला गेला. असे किती दिवस कापले गेले असतील दीड वर्षात? तिच्या लेखी ही केस फुकट कधीच नव्हती, फक्त ते पैसे तुला मिळत नव्हते इतकंच.

वर घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात काय लिहिलंय तर अर्ज आला की पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लावावी आणि तिथून पुढे 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. हे आपणच शिबिरात माईक हातात घेऊन सांगतो, पत्रकावर छापतो. मग दीड वर्ष झाल्यावर तिने काय समजायचं? कोर्टावरचा ताण, रिकाम्या जागा, समन्स न लागणं हे तुला माहितीये, तिला कोण सांगणार? तिला एवढंच दिसतं की जगात सगळीकडे पैसे दिले की काम हलतं, इथे दिले नव्हते म्हणून हललं नाही.

आणि अजून एक गोष्ट आहे जी मोफत काम करणाऱ्यांना फार उशिरा कळते. पैसे दिलेल्या वकिलावर पक्षकार चिडू शकतो. "चाळीस हजार मोजलेत साहेब, काय झालं आमच्या कामाचं?" असं ती आता विचारू शकेल. तुला नव्हती विचारू शकत, तू उपकार करणारी ताई होतीस, ताईला जाब कसा विचारायचा. मला वाटतं त्या 40,000 मधला बराच मोठा भाग तिने ह्या जाब विचारायच्या हक्कासाठी मोजलाय.

तेव्हा तू राहिलीस तर (किंवा तुझ्यासारख्या केंद्रांमध्ये बसणारे जे कुणी वाचत असतील त्यांनी) पहिल्याच भेटीत हे बोलून टाकावं, की बाई हे दान नाहीये. मोफत कायदेशीर मदत 1976 सालापासून घटनेत आहे, कलम 39-अ, आणि त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 चा, प्रत्यक्षात लागू झाला 1995 मध्ये. त्यात बाईला मदत मिळते ती बाई आहे म्हणून, तिचं उत्पन्न विचारत नाहीत, मुलांचं तसंच, अनुसूचित जाती-जमातींचं तसंच, अपंग व्यक्तींचं आणि तुरुंगात असलेल्यांचंही तसंच. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असावं लागतं. संस्था खासगी असली तरी मनात चौकट तीच ठेवायची, तुमचा हक्क आहे म्हणून मी इथे बसलेय, मला विचारा, उशीर झाला तर भांडा.

मग तिला विचारता येईल अशी सोयही करून द्यायची. प्रत्येक केसला एक सीएनआर नंबर असतो, 16 अक्षर-आकड्यांचा, तो जाड मार्करने एका कार्डावर लिहून तिच्या हातात दे आणि तिच्या किंवा तिच्या पोराच्या मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप टाकून एकदा तिच्यासमोर उघडून दाखव. पुढची तारीख तिला तुझ्याशिवाय दिसली पाहिजे. आणि तारीख झाली की संध्याकाळी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज, आज काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय होणार. वाचता न येणाऱ्या बाया तो मेसेज चार वेळा ऐकतात आणि शेजारणीलाही ऐकवतात. ह्याला वेळ लागत नाही असं म्हणणार नाही, लागतो, पण रात्री अकराला येणारे फोन निम्म्याने कमी होतात कारण त्यातले बरेचसे "ताई तारीख कधी हो" एवढ्यासाठीच असतात. खरोखर मारहाण चालू असेल तर 112, नाहीतर महिलांसाठी 181, हे दोन नंबर तिच्या फोनमध्ये तुझ्या नंबरच्या आधी सेव्ह करून दे, रात्री अकराला तू घरी बसून काय करणार आहेस?

आता तुझ्या केसबद्दल, कारण ती वाया गेली असं तू लिहिलंयस आणि ते वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. घर सासूच्या नावावर होतं. सुप्रीम कोर्टाचा 2006 चा बत्रा निकाल काय सांगायचा, तर घर नवऱ्याचं असेल, त्याने भाड्याने घेतलं असेल किंवा त्याच्या एकत्र कुटुंबाचं असेल तरच सुनेला तिथे राहायचा हक्क. तो निकाल दाखवून कित्येक बायकांना घराबाहेर काढलंय. मग 2020 च्या ऑक्टोबरमध्ये आहुजा निकाल आला, त्यात सुप्रीम कोर्टाने बत्राचा तो अर्थ चुकीचा ठरवला, सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर असलं तरी ती तिथे संसार करून राहिली असेल तर ते सामायिक घर, म्हणजे तिला राहायचा हक्क असलेलं घर, होऊ शकतं. समोरच्या वकिलाने बत्रा काढला, तू आहुजा काढलास, मॅजिस्ट्रेटने विचारलं की ती किती वर्षं राहत होती तिथे आणि तू रेशनकार्ड, पोराच्या शाळेचा दाखला, गॅसचं पुस्तक एकामागून एक पुढे केलंस. हे सगळं तूच लिहिलंयस मला, दीड पान. ती बाई आज त्याच खोलीत झोपते. नवा वकील जे काय करेल ते त्या खोलीत तिचा पाय रोवलेला आहे म्हणून करेल.

(वसुलीबद्दल जाता जाता, बाकीच्या वाचकांसाठी: नवरा कुठे नोकरीला असेल तर त्याच्या मालकालाच पगारातली रक्कम थेट बाईला द्या किंवा कोर्टात भरा असा आदेश मागता येतो, घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 20 मध्येच सोय आहे. बिगारी किंवा रिक्षावाल्याच्या बाबतीत ह्याचा उपयोग नाही, तिथे वॉरंटचाच रस्ता.)

तर ते दीड पान. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला एक गंमत दिसली. तू प्रश्न मांडलायस समाजसेवा की पैसा असा, आईनेही तसाच मांडलाय आणि मॅडमनीही. पण पत्रात सेवेबद्दल, वस्तीबद्दल, संस्थेबद्दल फार काही नाहीच. जिथे तू रंगून लिहिलंयस ते सगळं कोर्टातलं आहे, उलटतपासणीत सासूला कुठे पकडलं, कुठल्या कोर्टात सकाळी ऐकून घेतात, कुठल्या कोर्टात जेवणानंतर उभंच राहू नये. मला तरी असं वाटतं की तुला कोर्ट आवडतं, आणि संस्थेने तुला पहिल्या वर्षापासून उभं राहायला दिलं म्हणून संस्था आवडते. सिनियरच्या ऑफिसात असतीस तर अजून तारखा मागत फिरत असतीस.

म्हणून खराडीकडे ह्या नजरेने बघ. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीत एम्प्लॉयी म्हणून गेलीस की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, थांबवून ठेवावी लागते, तसं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवावं लागतं. म्हणजे तुझ्या मनात जे आहे ना, की पाच दिवस कंपनी आणि शनिवारी केंद्रात बसून एखाद-दुसरी केस, ते होणार नाही. सनद परत चालू करता येते पण दोन वर्षांनी परत आलीस की कोर्टातली ओळख, हात बसलेला असणं, समोरच्या वकिलाने तुला ओळखून असणं हे सगळं पुन्हा जमवावं लागेल. कराराचं काम कमी प्रतीचं आहे असं मुळीच नाही, ते डोक्याचं काम आहे आणि वेळेत घरी जाता येतं, मला ओळखीतली माणसं माहितीयेत जी तिथे जाऊन सुखी आहेत. फक्त त्यांना पॅसेजमधला तो गोंधळ मनापासून नकोसा झाला होता. तुला तो नकोसा झालाय का? पत्रावरून तरी नाही वाटत.

आता मॅडमचं. "तू गेलीस तर केंद्र बंद पडेल" हे वाक्य ऐकायला कौतुकासारखं असतं आणि खांद्यावर पोत्यासारखं बसतं. साडेचार वर्षं एकाच वकिलावर केंद्र चालतंय, तर तू उद्या पडून पाय मोडून घेतलास तरी ते बंदच पडणार, मग तुझ्या जाण्या-न जाण्याचा प्रश्न कुठे आला, संस्थेने दुसरा वकील नेमला नाही हा प्रश्न आहे. अर्थात संस्थांचीही रड मला माहितीये. देणगीदाराच्या फॉर्ममध्ये रकाना असतो लाभार्थी किती, आणि एका शिबिरात दोनशे माणसं बसवली की रकाना भरतो, तू कोर्टात दिवसभर बसून एका बाईची एक तारीख घेतलीस की लाभार्थी एक, तोही अर्धवट. त्यामुळे वकिलासाठी पैसे कुणी पटकन देत नाही. पण त्याची भरपाई तू कमी मानधनात आणि अपराधी वाटून घेऊन करायची, हे कुठलं गणित?

राहिलीस तरी गेलीस तरी, पुढच्या महिन्याभरात हे करच. प्रत्येक चालू केसचं एक पान, पक्षकाराचं नाव, सीएनआर नंबर, कुठलं कोर्ट, आत्ता स्टेज काय, पुढची तारीख, मूळ कागद कुणाकडे. नवीन प्रत्येक वकीलपत्रावर दोन वकिलांची नावं घ्यायची, तुझं आणि अजून एकाचं, म्हणजे तू आजारी पडलीस तरी कुणीतरी उभं राहील. आणि ज्या बायांना दुसरं कुणीच नाही त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून पॅनलवरचा वकील मिळू शकतो, ऑफिस शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच आहे, हेल्पलाईन 15100. पॅनलवरचे सगळे वकील तुझ्याइतके धावतील असं नाही, काही धावतात, काही नाही धावत, पण बाया रस्त्यावर पडतील हे खरं नाही.

पैशाचं बोलू. 28,000 मधून 10 टक्के टीडीएस जाऊन हातात 25,200, पीएफ नाही, मेडिकल नाही, कोर्टाला जायचं पेट्रोल बहुतेक तुझंच, झेरॉक्सचे सुट्टे पैसेही तुझेच असणार, खरं ना? (इन्कम टॅक्सचं रिटर्न दरवर्षी भरतेस ना? ह्या उत्पन्नावर कापलेला टीडीएस बराचसा परत मिळतो आणि निम्मे तरुण वकील ते आळसाने सोडून देतात.) आणि तुझं कागदावर काय आहे तेही एकदा काढून बघ, एम्प्लॉयी असं लिहिलंय की रिटेनर, म्हणजे नोकर नाही तर ठरलेली व्यावसायिक फी घेणारी, असं लिहिलंय. तो नियम 49 संस्थेच्या पगारालाही लागू आहे, तेव्हा हे रिटेनरशिपच्या करारावरच असलेलं बरं. मॅडमशी बोलायला जाशील तेव्हा रडवेली होऊन जाऊ नकोस, मागण्या लिहून ने. मानधन इतकं, कोर्टाचा खर्च वेगळा, अर्धवेळ दुसरा वकील सहा महिन्यांच्या आत, आणि आठवड्यात दोन दिवस माझ्या स्वतःच्या खासगी केसेससाठी मोकळे.

ही शेवटची मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू राहा किंवा जा ह्याच्या मध्ये ही जागा आहे आणि पत्रात तिचा उल्लेखच नाही, जसं काही खासगी फी घेणं म्हणजे बाटणं आहे. कुणा सिनियरच्या ऑफिसमध्ये एक खुर्ची मिळव, पोटगी, घरभाडं, पगार थकलाय, अशा केसेस फी घेऊन कर, तीन दिवस केंद्र. पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल, खराडीइतके पैसे तर लवकर मिळणार नाहीत. फक्त एक भिंत पक्की बांध, केंद्रात आलेल्या माणसाला "बाहेर भेटा, फी घेऊन करते" असं कधीही म्हणायचं नाही. पुढे कधी पॅनलवर नाव घातलंस तर तिथे पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो, प्राधिकरण देईल तेवढंच. फौजदारी आवडत असेल तर 2022 पासून प्राधिकरणाची बचाव वकिलांची जी योजना आहे तीही बघ, आरोपींच्या बाजूने पूर्ण वेळ काम, ठरलेलं मानधन, पण खासगी केसेस बंद. आणि न्यायाधीश व्हायचं कधी डोक्यात असेल तर 2025 च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाने 3 वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीये, तुझी ती केव्हाच भरलीये. इतकी वर्षं वस्तीत वाया घालवली असं आईला वाटतंय ना, हे तिला जरूर सांग.

कंपनीला लगेच हो-नाही कळवू नकोस. महिनाभराची मुदत माग, चालू केसेस सोपवायच्या आहेत म्हणून सांग. मॅडम लेखी काही द्यायला तयार नसतील आणि सिनियरकडे खुर्चीही मिळत नसेल, तर बिनधास्त खराडीला जा, पैसे हवेत म्हणून जातेय असं चारचौघांत सांगून जा. त्या बाईच्या एका वाक्याचा सूड म्हणून मात्र जाऊ नकोस, ते वाक्य ती विसरूनही गेली असेल.

आईशी बोलताना मोठमोठं काही बोलू नकोस. तिला भीती कशाची आहे ते विचार, बहुतेक तुझ्या लग्नाची असेल किंवा स्वतःच्या आजारपणाची, आणि त्यावर एक वर्षाचा हिशोब कागदावर मांडून दाखव. तुझा आणि तिचा आरोग्य विमा आहे की नाही ते पत्रात कुठे लिहिलेलं नाहीस. नसेल तर बाकी सगळं नंतर, आधी तो काढ.